जिथं डॉक्टर विमानतळावर बसतात

मैत्रिणींनो, विमानतळ म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत फरशी, चाकांच्या बॅगा, हार घेऊन ताटकळत उभे असलेले नातेवाईक आणि परदेशी निघालेल्या लेकाला "पोचल्याबरोबर फोन कर हं" असं दहादा बजावून पदराला डोळे पुसणारी आई. विमानतळ म्हणजे निरोपाची जागा, असं आपल्या मनात अगदी पक्कं बसलेलं असतं.

आज मी तुम्हांला ज्या विमानतळाची ओळख करून देणार आहे, तो मात्र जाणाऱ्यांइतकाच, ज्यांना घर सोडून जाता येत नाही त्यांच्यासाठी आहे. तो लहान आहे. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी एस. टी. स्टँडवर त्याहून जास्त गर्दी असते. पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि ती गोष्ट बरीचशी बायकांची आहे.

गावाचं नाव ब्रोकन हिल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या पार पश्चिम टोकाला हे खाणीचं गाव आहे. राज्याची राजधानी सिडनी इथून मोटारीनं साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मुंबईहून निघून नागपूर गाठायचं आणि तिथून पुढे जबलपूरपर्यंत जायचं, एवढी ती मजल! शेजारच्या राज्यातलं अॅडलेड त्या मानानं जवळ, पण तेही पाचशे किलोमीटर. म्हणून गंमत काय झाली आहे, की गावाला कायदा सिडनीचा आणि घड्याळ अॅडलेडचं. सिडनीत बारा वाजले की इथं साडेअकरा. पाहुण्यांची विमानाच्या वेळेच्या बाबतीत हटकून फसगत होते, तेव्हा कधी गेलात तर हे पहिलं लक्षात ठेवा.

एवढ्या आडरानात गाव वसलं कसं? तर त्याचं कारण जमिनीच्या पोटात होतं. १८८३ साली चार्ल्स रॅस्प नावाचा एक कामगार इथल्या मेंढ्यांच्या कुरणाच्या कुंपणावर फेऱ्या मारण्याचं काम करत होता. एका काळ्याभोर खडकाळ टेकाडात त्याला कथील असावंसं वाटलं. निघाली चांदी, आणि तिच्याबरोबर शिसं आणि जस्त. दोनच वर्षांत, १८८५ साली, कंपनी उभी राहिली. आज बीएचपी म्हणून जगभर नाव असलेली खाण कंपनी ती हीच. तिच्या नावातलं 'बी' आणि 'एच' म्हणजे ब्रोकन हिल. कंपनीनं १९३९ साली हे गाव सोडलं. दुसऱ्यांनी मात्र खाणी चालू ठेवल्या आणि त्या आजही चालू आहेत. ज्या तुटक्या टेकडीवरून गावाला नाव पडलं, ती टेकडी तेवढी राहिली नाही. ती खणून खणून संपली.

गावातल्या रस्त्यांची नावं ऐकलीत तर शाळेतलं रसायनशास्त्र आठवेल. अर्जेंट स्ट्रीट, ऑक्साइड स्ट्रीट, क्लोराइड स्ट्रीट, सल्फाइड स्ट्रीट! "सल्फाइडच्या कोपऱ्यावर भेटू या" असं तिथल्या बायका अगदी सहज म्हणत असतील, आपण "मारुतीच्या देवळापाशी" म्हणतो तसं.

आता विमानानं गावाकडे येऊ. अॅडलेडहून छोट्या विमानानं साधारण तासा-सव्वा तासाचा प्रवास. खिडकीशी जागा मिळाली तर बघा, खाली नुसती तांबडी माती. घर नाही, दार नाही, झाड म्हणावं असं झाड नाही. डुलकी लागावी इतका वेळ तेच ते. आणि मग अचानक गाव दिसतं, आणि गावाच्या बरोबर मधून गेलेला खाणीतल्या टाकाऊ मालाचा लांबलचक काळा ढिगारा. जमिनीखालचा खनिजाचा पट्टा सुमारे सात किलोमीटर लांबीचा, त्याच्या पाठीवर गाव बसलेलं.

गावाभोवती खुरट्या झुडपांचा हिरवट-राखाडी पट्टाही दिसेल. तो आपोआप उगवलेला नाही बरं का. खाणींच्या भट्ट्यांसाठी आसपासची झाडं तोडून झाली, उरलंसुरलं जनावरांनी खाल्लं, आणि मग धुळीची वादळं थेट घरात शिरू लागली. घासलेलं भांडं तासाभरात पुन्हा घासायचं, वाळत घातलेले कपडे लाल होऊन काढायचे, हे तिथल्या बायकांचं रोजचं होऊन बसलं. त्या धुळीत शिसंही होतं, हे आणखीच वाईट. अॅल्बर्ट मॉरिस नावाच्या खाणीतल्याच एका माणसाला वनस्पतींचा नाद होता. त्याची पत्नी मार्गारेटही त्या कामात बरोबरीनं होती. जमिनीला नुसतं कुंपण घाला, जनावरं बाहेर ठेवा, इथलीच झुडपं पुन्हा वर येतील, असं त्याचं म्हणणं. १९३६ पासून तसं करून पाहिलं, आणि खरोखरच तसं झालं. गावाला जणू हिरवी काठाची पट्टी शिवली गेली.

विमानतळ गावापासून अगदी जवळ, पाच-सहा किलोमीटरवर. तो चालवते तिथली नगरपालिका. प्रवासी विमानं दिवसाकाठी मोजकीच. पण धावपट्टीच्या कडेला एक वेगळी इमारत आहे, आणि तिच्यापाशी जी विमानं उभी असतात त्यांच्यात प्रवासी खुर्च्यांऐवजी स्ट्रेचर असतात. हा रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा तळ. म्हणजे उडत्या डॉक्टरांचा दवाखाना! इथं डॉक्टर विमानतळावर बसतात आणि रोग्याकडे उडत जातात.

ही कल्पना जॉन फ्लिन नावाच्या एका पाद्र्याची. ओसाड मुलखात राहणाऱ्यांना डॉक्टरच भेटत नाही. किरकोळ जखम चिघळून माणूस जातो, अडलेली बाई तशीच जाते. हे त्यानं पाहिलेलं होतं. मे १९२८ मध्ये क्वीन्सलंड राज्यातल्या क्लोनकरी गावाहून डॉक्टरला घेऊन पहिलं विमान उडालं. पुढच्या दहा वर्षांच्या आत ब्रोकन हिललाही तळ झाला. फ्लिनचं चित्र आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर आहे.

चित्र फ्लिनचं आहे, आणि ते योग्यच आहे. पण विमान उडायला नुसता डॉक्टर आणि वैमानिक पुरत नाहीत. पलीकडच्या टोकाला कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाईच होती.

ती कशी, ते सांगते. या मुलखात मेंढ्यांची प्रचंड मोठी कुरणं असतात. त्यांना तिथं 'स्टेशन' म्हणतात. आगगाडीचा काही संबंध नाही! एकेक स्टेशन एवढं मोठं, की शेजारीण चाळीस-पन्नास किलोमीटरवर. हळद उसनी मागायची सोय नाही. पुरुष माणसं दिवसच्या दिवस मेंढ्यांमागे. घरी बाई आणि लहान मुलं. अशा वेळी पोराचं अंग तापलं तर विचारायचं कुणाला?

अॅडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञानं यावर उपाय काढला, तो पायानं चालवायचा रेडिओ. १९२९ मध्ये तो पहिल्यांदा स्टेशनांवर गेला. घरात वीज नव्हती, म्हणून खाली पायटे. पाय मारत राहायचं, वीज तयार होत राहायची आणि वर निरोप जात राहायचा. शिलाईचं मशीन चालवणाऱ्या बाईला हे काही नवं नाही! सुरुवातीला निरोप मोर्सच्या कट्ट-कडकट्ट भाषेत पाठवावा लागे. ती सगळ्यांना कुठून येणार? मग ट्रेगरनं टाइपरायटरसारखी कळपाटी करून दिली. अक्षर दाबलं की त्याचा मोर्स आपोआप जायचा. पुढे बोलण्याचेच रेडिओ आले.

त्यानंतर आली औषधांची पेटी. १९४२ पासून या पेटीतल्या प्रत्येक औषधाला आकडा देण्यात आला. डॉक्टर रेडिओवरून सांगत, अमुक नंबरची गोळी, अर्धी, दिवसातून दोनदा. औषधाचं अवघड नाव खरखरत्या रेडिओवर चुकीचं ऐकू येण्याची भीती नाही. पुढे शरीराचं चित्रही काढून दिलं आणि त्याच्या भागांनाही आकडे. "दुखतंय कुठं?" तर अमक्या आकड्यापाशी. या पेट्या आजही दूरदूरच्या स्टेशनांवर आहेत.

तुम्ही म्हणाल, आकडे कशाला, तोंडानं सांगता येत नव्हतं का? इथंच खरी मेख आहे. हा रेडिओ म्हणजे उघडा माजघराचा दरवाजा. डॉक्टरांशी चाललेलं बोलणं त्या टापूतल्या प्रत्येक घरी ऐकू यायचं! आता विचार करा. आपल्या पाळीची तक्रार, गर्भारपणातली शंका शंभर घरांच्या कानांदेखत सांगायची. आपण डॉक्टरांच्या खोलीत कंपाउंडर असला तरी गप्प बसतो. त्या बायकांनी हे केलं, कारण संकोच धरला तर जीव जाण्याची पाळी. पण त्याच रेडिओवर त्यांना एकमेकींची सोबतही मिळाली. डॉक्टरांची वेळ संपली की गप्पांसाठी वेळ ठेवलेली असे. तिला 'गाला सेशन' म्हणत. गाला म्हणजे तिकडचा गुलाबी-करडा पोपट, थव्यानं बसून कलकलाट करणारा. नाव चेष्टेचं आहे खरं. पण महिनोन् महिने दुसरी बाई डोळ्यांना न दिसणारीला तो कलकलाट म्हणजे माहेर होतं.

आणि विमान बोलावलं, ते उतरणार कुठं? स्टेशनाजवळची मातीची पट्टी तयार ठेवायची जबाबदारी घरच्यांचीच. पावसानं माती भुसभुशीत झाली आहे का, हे पट्टीवरून गाडी पळवून बघायचं. कांगारू, मेंढ्या हाकलायच्या. रात्र असेल तर दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे. दिवे नसतील तर टॉयलेट पेपरची गुंडाळी डबड्यात उभी ठेवून डिझेलमध्ये भिजवायची आणि पेटवायची! अशा डबड्यांच्या ओळींवर वैमानिकांनी रात्री विमानं उतरवली आहेत. घरात तापलेलं मूल किंवा घायाळ नवरा, आणि बाहेर अंधारात डबडी मांडत निघालेली बाई. हे चित्र कुठल्या नोटेवर नाही.

आजही तळावरून रोज विमानं जातात. तातडीच्या रोग्यासाठी तर जातातच, पण ठरलेल्या दिवशी दवाखाना भरवायलाही जातात. मेनिंडी, विलकॅनिया, टिबूबुरा, आणि ओपल रत्नांच्या खाणींचं व्हाइट क्लिफ्स, अशा गावांना. व्हाइट क्लिफ्सला उन्हापायी लोक जमिनीखाली घरं कोरून राहतात. विमानात पुष्कळदा वैमानिक आणि परिचारिका दोघंच असतात, गरजेप्रमाणे डॉक्टर. परिचारिकेला बाळंतपणाचंही शिक्षण असावं, अशी पद्धत चालत आली आहे. अवघड बाळंतपण, मोठं हृदयाचं दुखणं असेल तर इथून थेट अॅडलेडच्या मोठ्या इस्पितळात. आणि रोग्याकडून विमानाचं भाडं मागत नाहीत. खर्च सरकारी मदतीतून आणि लोकांच्या देणग्यांतून भागतो.

देणग्यांवरून आठवलं. गावातल्या बायकांचं एक मंडळ या सेवेसाठी वर्षानुवर्षं नाताळचं पुडिंग करत आलं आहे. एकदोन नव्हे, शेकड्यांनी! सुका मेवा निवडायचा, मिश्रण कालवायचं, तासन् तास शिजवायचं आणि विकून येणारा पैसा विमानांच्या सेवेला द्यायचा. आपल्याकडे दिवाळीच्या आधी महिला मंडळात चकली-लाडवांच्या ऑर्डरी चालतात ना, तोच थाट. फरक इतकाच, की इथल्या फराळानं विमान उडायला हातभार लागतो.

आता याच गावातली दुसरी एक गोष्ट ऐका. ब्रोकन हिल म्हणजे कामगार संघटनांचा बालेकिल्ला. १९१९-२० मध्ये अठरा महिने संप करून खाणकामगारांनी आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळवलं. तेव्हा जगात फार थोड्यांना ते मिळालेलं होतं. मोठं यश, यात शंका नाही. पण याच संघटनांच्या मंडळानं, बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिलनं, पुढे एक नियम असा पाळला, की लग्न झालेल्या बाईनं गावात पगारी नोकरी करायची नाही. शिक्षिका, परिचारिका असे काही अपवाद. बाकी दुकानात किंवा कचेरीत काम करणाऱ्या मुलीचं लग्न ठरलं, की नोकरी सुटली. कामं थोडी आहेत, ती पुरुषांना आणि अविवाहित मुलींना मिळावीत, हा त्यामागचा विचार. टंचाईच्या काळात तो अनेकांना पटलाही असेल. पण हा नियम टिकला किती वर्षं? १९८१ पर्यंत! तुमच्यापैकी कित्येकींची लग्नं त्याच्या आसपासची असतील, बघा.

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एकीकडे गावात लग्न झालेल्या बाईला टंकलेखनाची नोकरी नाही. आणि गावच्या विमानतळावरचा डॉक्टर ज्या शेकडो बायकांच्या भरवशावर उडतो, त्यांच्या कामाला तर नावच नाही. रेडिओ चालवणारी, औषधाचे नंबर पाहून डोस देणारी, धावपट्टी उजळणारी, ती 'गृहिणी'. शाळाही तशीच. १९५६ पासून ब्रोकन हिलहून रेडिओवर शाळा सुरू झाली, 'स्कूल ऑफ द एअर'. बाई शहरातून बोलायच्या आणि पोरं आपापल्या स्टेशनवर ऐकायची. आता इंटरनेट आहे. पण पोराला शेजारी बसवून पाटी-पुस्तक काढायला कोण लावतं? बहुतेक घरी आईच. पगार नाही, पण तिच्यावाचून ना शाळा चालली, ना विमान उतरलं.

अशा गावाला विमान म्हणजे चैन नव्हे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. जुलै २०२४ मध्ये तिकडच्या छोट्या गावांना जोडणारी रेक्स ही विमान कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली, तेव्हा अशा गावांतून काळजी पसरली. मोठ्या शहरांमधली तिची जेट विमानं थांबली, पण गावांची उड्डाणं सरकारच्या पाठबळावर चालू राहिली. उडत्या डॉक्टरांची सेवा वेगळी, हे खरं. पण तपासणीला अॅडलेडला जाणारी म्हातारी, सुट्टीत घरी येणारी लेक, यांना याच विमानांचा आधार.

कधी जाण्याचा योग आला, तर थोड्या सूचना. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ चांगला. उन्हाळा तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि पारा चाळिशी सहज ओलांडतो. रात्री मात्र थंडीत चांगलाच गारठा, तेव्हा शाल, स्वेटर हवाच. माश्यांचा उपद्रव असतो, डोक्याला बांधायला ओढणी ठेवा. उडत्या डॉक्टरांच्या तळावर पाहुण्यांना संग्रहालय पाहता येतं. जुनी औषधपेटी आणि पायरेडिओ अशा वस्तू पाहायच्या त्या तिथंच. खाणीच्या ढिगाऱ्यावर खाणीत मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे. आठशेहून जास्त नावं. तिथं थोडा वेळ शांत उभं राहावं. प्रत्येक नावामागे एक घर होतं.

आणि आपल्या माणसांची आठवण करून देणारी एक जागा आहे, ती चुकवू नका. पत्र्याची एक छोटीशी मशीद. विमानं नव्हती, आगगाडी नव्हती, तेव्हा या मुलखात सामान वाहून नेलं ते उंटांनी, आणि उंटवाले आले होते अफगाणिस्तानातून आणि त्या वेळच्या हिंदुस्थानातून. कराचीच्या बंदरातून उंट जहाजावर चढवून आणलेले. उंटांच्या तळावर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी ही मशीद उभी केली. विमानाच्या आधी या गावाचा दूरचा हात आपल्या बाजूच्याच लोकांनी धरला होता, असं म्हणायला हरकत नाही.

जाता जाता घरगुती काम एक सांगते. त्या औषधपेटीतली शिस्त आपल्या घरात आणायला विमान लागत नाही. आज दुपारी औषधांचा डबा उघडा. मुदत संपलेली औषधं बाजूला काढा. घरातल्या कुणाला कुठली गोळी, किती आणि केव्हा, कुठल्या औषधाची अॅलर्जी, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. डॉक्टरांचा, रुग्णवाहिकेचा आणि शेजारणीचा नंबर त्याच कागदावर खाली. आणि हे सगळं कुठं ठेवलं आहे ते नवऱ्याला आणि मुलांना दाखवून ठेवा. कारण घरातली डॉक्टर, परिचारिका आणि रेडिओवाली तुम्ही एकट्याच असलात, तर तुम्ही आजारी पडाल तेव्हा दिवे कुणी लावायचे?